ह.भ.प. आई आणि काळ्या-पांढऱ्या फोटोतली बाई

माझ्या आईचं नाव आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत छापून आलं, तेही रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. आणि त्या नावाच्या आधी ‘ह.भ.प.’ लिहिलेलं होतं. आई गणिताची बाई. एकादशीला मिसळ खाणारी. कीर्तनाला ती एकदाच गेलेली, आणि बुवांचा ताल चुकतोय म्हणत मधेच उठून आलेली. ते आठवलं की अजून मला हसू आवरत नाही, भाजी चिरत असले तर सुरी बाजूला ठेवावी लागते.

सगळं सांगते, पण एक आधीच बोलून ठेवते. नावं कुणाचीच लिहायची नाहीत, अशी आईची अट आहे. आमची नाहीतच, पण जिच्यामुळे हे सगळं रामायण घडलं त्या जर्मन बाईचंही नाही. तिचं नाव शोधणं हा म्हणे वाचणाऱ्यांचा गृहपाठ. आयतं उत्तर मिळालं की कुणी डोकं चालवत नाही. पंचाहत्तरीच्या बाईशी कोण वाद घालणार, म्हणून मी ऐकलं.

आमचं मूळ सगळं डोंबिवलीतलं. पूर्वेला दोन खोल्या राहायच्या आणि तिसरी क्लासची. आईने गणितात एम.एस्सी. केलेलं. बाबा बँकेत, आणि गणिताशी त्यांचं कधी जमलं नाही. क्लास सुरू झाला तेव्हा पालक यायचे, आईकडे बघायचे आणि विचारायचे, सर कधी येतील? एका वर्षात हे इतक्या वेळा झालं की शेवटी बाबांनीच स्वतःच्या नावाचा बोर्ड रंगवून आणला आणि दारावर ठोकला. त्यानंतर पोरं बसायला जागा पुरेना. बाबा संध्याकाळी बँकेतून येऊन दारात उभे राहायचे, चपला ओळीत लावून घ्यायचे, हजेरी घ्यायचे, फळा पुसायचे. शिकवायची आई. तरी सगळ्या डोंबिवलीत तो ‘सरांचा क्लास’ आणि आई ‘सरांच्या मिसेस’. बाबा भेटेल त्याला खरं सांगायचे की बाबा रे, मला फक्त फळा पुसता येतो. लोक म्हणायचे, सर किती विनम्र आहेत बघा.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. दहावी झाल्या झाल्या कॉमर्सला पळून गेलेले. आई तेव्हा आठवडाभर माझ्याकडे असं बघत होती जसं दूध नासल्यावर पातेल्याकडे बघतात.

तर ती जर्मन बाई, तीही गणिताचीच. आमच्या घरात तिचा विषय एखाद्या लांबच्या मावशीसारखा निघायचा. जेवताना, केस विंचरताना, कुकर लावताना. तिला विद्यापीठात नोकरीच देत नव्हते, बाई आहे म्हणून. मग तिची व्याख्यानं एका मोठ्या प्राध्यापकाच्या नावावर जाहीर व्हायची, आणि वर्गात शिकवायची ही. पगार नाही. कितीतरी वर्षं नाही. ही तर चिडायची सोडून मजेत असायची म्हणे. मोठ्याने हसायची, शिकवता शिकवता इतके हातवारे करायची की अंबाडा सुटून केस खांद्यावर यायचे, आणि तिला पत्ता नसायचा. हे सांगताना आईचाही अंबाडा सुटायचा. आता मुद्दाम सुटायचा की आपोआप, ते मला आजवर कळलेलं नाही.

डोंबिवलीतच एकदा आईला व्याख्यान द्यायची संधी आलेली. जवळच्या एका मंडळाने गणितावर बोला म्हणून विचारलं. आईने महिनाभर तयारी केली, विषय अर्थात हीच बाई. आणि छापून आलेल्या पत्रिकेवर वक्ता म्हणून नाव बाबांचं. मंडळाचं म्हणणं, लोकांना सर माहीत आहेत, गर्दी सरांना होईल. बाबा भांडले, पण पत्रिका वाटून झालेल्या. शेवटी बाबा स्टेजवर आणि आई पहिल्या रांगेत. बाबांनी आईचे कागद वाचायला सुरुवात केली, घामाघूम झाले, दोन पानं एकदम उलटली, आणि पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, “मागचं पान.” अख्खा हॉल हसला. घरी येताना दोघांनी कुल्फी खाल्ली आणि तेही खूप हसले. पण ते कागद आईने माळ्यावरच्या पेटीत टाकले आणि त्यानंतर कुणी व्याख्यानाचं विचारलं की म्हणायची, सरांना विचारा.

बाबा रिटायर झाले, क्लास बंद झाला, गुडघे बोलायला लागले, तेव्हा मी दोघांना माझ्याकडे घेऊन आले. आम्ही ठाण्याला बाळकुमला राहतो. कॉम्प्लेक्सच्या भिंतीपलीकडे जुनं गाव, तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथलीच. मासळी घेऊन गेटवर बसणारी मावशी त्या गावातलीच. आमच्याकडच्या बायका तिच्याशी घासाघीस करण्यात आणि ती आमच्यावर हसण्यात दिवस घालवते.

मागच्या वर्षी एकदा चहा पिताना आई म्हणाली, ते व्याख्यान एकदा द्यायचंय. स्वतःच्या नावाने. बाबांनी बिस्कीट चहात सोडून दिलं. मी लगेच म्हटलं देऊ या, क्लब हाऊस आहे, रविवार सकाळ आहे, अडचण काय? आई बराच वेळ कप फिरवत बसली.

“कुणी आलंच नाही तर?” ती म्हणाली. “मग कळेल, लोक सरांकडेच येत होते.”

एवढी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन फिरत होती आणि आम्हाला वाटायचं, ती कुल्फी खाऊन विसरली. मी ठरवलं, क्लब हाऊस भरलंच पाहिजे, मग मला नातेवाइकांना टेम्पोत घालून आणावं लागलं तरी चालेल.

ठाण्यात काही करायचं तर फ्लेक्स लागतो. वाढदिवस, नियुक्ती, दहावी पास, रस्त्याचं डांबरीकरण, सगळ्याला फ्लेक्स. माजिवड्याला एक फ्लेक्सवाला आहे, चांगला पन्नाशीचा, धंद्यात मुरलेला. त्याला मी मोबाईलवर मजकूर पाठवला. जर्मन बाईचा फोटो, खाली तिचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल, मग व्याख्यान, रविवारी सकाळी दहा, क्लब हाऊस, आणि वक्त्या म्हणून आईचं नाव. वर बजावलं, आईचं नाव मोठं पाहिजे, त्यात चूक चालणार नाही. तो म्हणाला, मॅडम, टेन्शन घेऊ नका, असे आपण रोज करतो.

‘असे’ म्हणजे कसे, हे मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी सेक्रेटरींचा फोन. आवाज एकदम खाली. म्हणाले, ताई, ऐकून फार वाईट वाटलं, काही लागलं तर सांगा. मी म्हटलं, कशाचं वाईट? ते म्हणाले, तुमच्या घरी त्या... आणि थांबले. मी चप्पल न घालता गेटवर धावले.

गेटच्या बाजूला भला मोठा फ्लेक्स. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मधे आमची जर्मन बाई, जाड चष्मा, अंबाडा, फोटोला झेंडूचा हार आणि दोन्ही बाजूंना समया. खाली तिचं नाव, त्याच्या आधी ‘कै.’, पुढे ‘यांस’. मग ‘प्रवचन : ह.भ.प.’ आणि आईचं नाव, अगदी सांगितल्याप्रमाणे मोठं आणि शुद्ध. त्याखाली ‘शोकाकुल : समस्त परिवार व मित्रमंडळ’.

मी तिथेच फूटपाथवर बसले. रडू की हसू अशी अवस्था म्हणतात ती मला त्या दिवशी कळली. फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो जराही हलला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. फोटो काळा-पांढरा, बाई वयस्कर, नावाखाली दोन सालं, मग आणखी काय समजायचं? सालं फार जुनी दिसली, ती टायपिंगची चूक समजून त्याने गाळली. आणि गावात दशक्रियेला प्रवचन असतंच, त्यामुळे व्याख्यान हा शब्द त्याने आपणहून दुरुस्त केला. हभप लावायचं मी विसरले असं वाटून तेही लावलं, त्याचे वेगळे काही घेतले नाहीत. नवीन उद्यापर्यंत होणार नाही, मशीनचं काम निघालंय.

घरी आले तर दारात चपलांचा ढीग. लोक भेटायला आलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू... हो हो, नाव नाही घ्यायचं. तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आईचा हात हातात घेऊन बसलेल्या. त्यांना वाटलं, परदेशातली कुणी विहीण वगैरे असेल. आणखी दोघं-तिघं मान खाली घालून सोफ्यावर. आईला कशाचा काही पत्ता नाही. ती बिचारी चहा टाकू का विचारत होती आणि ते नको नको म्हणत होते, अशा वेळी चहा घेत नाहीत म्हणून. बाबा आतल्या खोलीत गेले होते, मला वाटलं घाबरले, बघते तर उशीत तोंड खुपसून हसतायत. त्यांनी खिडकीतून फ्लेक्स आधीच वाचला होता. थोड्या वेळाने पाहुणे उठले आणि गुपचूप निघाले. ‘येतो’ कुणी म्हटलं नाही, सुतकाच्या घरातून निघताना म्हणत नाहीत ना. आई दाराकडे बघत राहिली आणि म्हणाली, आज ही माणसं अशी न बोलता का गेली?

मग सांगावंच लागलं. ती खाली बघायला आली. मी तिचा दंड धरून उभी. तिने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, मग परत एकदा वाचला, पेपर तपासतात तसा. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही.

“काढून टाक,” ती म्हणाली. “उद्याचंही रद्द कर. माझ्या नावाचं हे असंच व्हायचं.”

मला फ्लेक्सवाल्याचा असा राग आला की त्याच्याच मशीनमध्ये त्याला घालावंसं वाटलं. मी दोरी सोडायला शिडी मागवली. तेवढ्यात मासळीवाल्या मावशी उठून आल्या. मघापासून त्या फोटोकडे बघत होत्या. त्यांनी हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि आईला हळूच विचारलं, “तुजी कोन व्हती गो बाय?”

मला वाटलं, आता ती सांगेल की कुणी नाही, छापणाऱ्याची चूक आहे, आणि विषय संपेल. पण तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. त्या चष्म्याकडे, त्या अंबाड्याकडे.

“माझी गुरू,” आई म्हणाली. “लांब गेली बिचारी. रडायलाही फारसं कुणी नव्हतं.”

आणि ते खोटं नव्हतंच. त्या बाईला तिथल्या नव्या राजवटीने नोकरीवरून काढलं, ज्यू म्हणून. समुद्रापलीकडे जाऊन एका मुलींच्या कॉलेजात ती शिकवायला लागली, आणि थोड्याच काळात एका ऑपरेशननंतर गेली. मावशींनी चक् चक् केलं. म्हणाल्या, अशा बाईचं कार्य टाकू नये, आम्ही येतो सगळ्या. मग मला म्हणाल्या, शिडी परत पाठव. मी आईकडे बघितलं. आई फ्लेक्सकडे बघत होती आणि तिच्या ओठांचा कोपरा हलायला लागला होता. मग खांदे. मग ती गेटच्या खांबाला धरून अशी हसायला लागली की वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावत आला. ह.भ.प., ह.भ.प. एवढंच तिच्या तोंडून निघत होतं.

रविवारी मी क्लब हाऊसमध्ये थोड्या खुर्च्या मांडलेल्या, उगाच रिकाम्या दिसायला नकोत म्हणून. साडेनऊलाच त्या संपल्या. गावातल्या बायका पांढऱ्या-फिक्या साड्या नेसून आल्या. त्यांची माणसं आली. कॉम्प्लेक्समधले जे कधी मीटिंगला बोलावूनही येत नाहीत ते आले, कारण व्याख्यानाला लोक दांडी मारतात पण अशा प्रसंगाला नाही. कुणीतरी फोटोला खरा हार आणला. कुणी ताटभर फुलं आणली. सेक्रेटरींनी दोन मिनिटं स्तब्धता पाळून घेतली आणि अख्खं बाळकुम त्या जर्मन बाईसाठी डोळे मिटून उभं राहिलं. मी एक डोळा उघडा ठेवून आईकडे बघत होते. तिने ओठ इतके घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते. रडणं थोपवत होती की हसणं, मला तरी ओळखता आलं नाही.

मग बाबा उठले. ओळख करून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. ते माईकसमोर गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, “मी बाईंचा मिस्टर.” एवढंच. आणि खिशातून रुमाल काढून फळा पुसला, जो आधीच स्वच्छ होता, आणि खाली येऊन पहिल्या रांगेत बसले.

आईने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की मी हभप नाही, ही बाई माझी नातेवाईक नाही, आणि तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. दोन माणसं मागच्या रांगेतून उठलीसुद्धा. आईने फुलांचं ताट उचललं, फुलं टेबलावर ओतली, आणि उठलेल्या दोघांना वर्गात सांगायची त्या आवाजात सांगितलं की उभेच आहात तर डोळे मिटा. सगळेच मिटा. ते मिटले. त्या आवाजापुढे डोंबिवलीच्या किती बॅचेस नमल्यात. तिने ताट टेबलावर गोल फिरवलं. उघडा. फिरवलं की नाही? कुणाला सांगता येईना. मग तिने चहाचा चौकोनी ट्रे घेतला, पुन्हा डोळे मिटायला लावले, जरासा वळवला. आता सगळे ओरडले, फिरवला फिरवला.

बस, म्हणाली, एवढंच त्या बाईचं गणित आहे. तुम्ही काहीतरी बदललंत आणि तरी काहीच फरक पडला नाही, असं जिथे जिथे होतं, तिथे तिथे निसर्गाने काहीतरी जपून ठेवलेलं असतं, जे हरवत नाही. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, म्हणून ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते फक्त. नियम डोंबिवलीत आहेत तेच बाळकुमला आहेत, म्हणून वेग आलेल्या वस्तूचा जोर हवेत विरून जात नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तोंड कुठेही करा, नियम तेच, म्हणून भोवरा एकदा फिरला की फिरत राहतो, जोवर कुणी त्याला अडवत नाही. त्या काळी जगातले मोठमोठे लोक गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्तात अडकून पडलेले, ऊर्जेचा हिशेब कुठे गडबडतोय ते कळेना. त्यांनी हिला बोलावलं. हिने ती गाठ सोडवली आणि जाता जाता हा नियम सापडला, तो त्यांच्या प्रश्नापेक्षाही मोठा निघाला. आज अणूच्या पोटातले बारीक कण शोधणारेसुद्धा आधी हेच विचारतात, काय फिरवलं तर फरक पडत नाही?

सांगताना तिचे हात चालले होते. एक हात फळ्यावर, एक हवेत, ताट बगलेत. आणि तिचा अंबाडा सुटला. खरंच सुटला, मी शपथेवर सांगते. केस खांद्यावर आले आणि तिला पत्ता नाही. बाबांनी मला कोपर मारलं. आम्ही दोघं पहिल्या रांगेत शाळकरी पोरांसारखे खिदळत होतो, आणि आईने बोलता बोलता आमच्याकडे अशी नजर टाकली की दोघंही गप्प.

मग तिने पगाराचं सांगितलं. वर्षानुवर्षं शिकवायची ही आणि नाव दुसऱ्याचं, हेही. हॉल तापला. गावातले एक काका, गळ्यात जाड चेन, म्हणाले आपल्याकडे असती तर रस्ता अडवला असता. मासळीवाल्या मावशींनी विचारलं की ज्याच्या नावावर शिकवायची तो बाप्या काय करायचा? आई म्हणाली, तो तिच्या बाजूने भांडायचा. चांगला माणूस होता. आणि तिने बाबांकडे बघितलं. बाबा एकदम बुटाची लेस बांधायला खाली वाकले. त्यांच्या पायात सँडल होत्या.

दीड तास झाला तरी कुणी हललं नाही. प्रश्न विचारायला माईक फिरवावा लागला. मघाशी उठलेले ते दोघं पुढे येऊन खाली सतरंजीवर बसलेले. संपलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, असा घोळ झाला, कारण हार घातलेला फोटो समोर होता. शेवटी एकाने सुरुवात केली आणि मग छप्पर उडालं.

लोक निघायला लागले तशी आई दाराशी जाऊन उभी राहिली. दमली होती. केस तसेच मोकळे. सगळ्यात आधी मासळीवाल्या मावशी आल्या. त्यांनी चपला शोधल्या, फोटोकडे वळून हात जोडले, आणि उंबऱ्याशी थांबल्या. शनिवारी भेटायला आलेले सगळे कसे न बोलता गेले होते, ते आईला आठवत असावं, कारण तीही काही न बोलता उभी होती.

“येते गो बाई,” मावशी म्हणाल्या.

त्यांच्या मागून काकू म्हणाल्या, येते हं बाई. काका म्हणाले, येतो बाई. सेक्रेटरी, ती मागच्या रांगेतली माणसं, गावातल्या सगळ्या बायका, एकेक जण दारातून जाताना येतो, येते म्हणत गेला. एकानेही सरांच्या मिसेस म्हटलं नाही. आईने केस गोळा करायला हात वर नेला, तो मधेच थांबला, आणि प्रत्येकाला ती एकच शब्द म्हणत राहिली.

“या.”